फुगवटा पक्ष्यांना राहू द्या

धरणाच्या जलाशयावर मी तीन कारणांनी जाते: चालायला, पक्षी बघायला आणि कयाक ही वल्ह्याची छोटी होडी चालवायला. त्यामुळे ‘बोटी हव्यात की पक्षी’ हा वाद पेटला की दोन्हीकडची मंडळी मला आपल्यातलीच धरतात. माझं म्हणणं एवढंच, की दोन्ही हवं, पण एकाच जागी नको.

काठावरून सगळं पाणी सारखंच दिसतं. प्रत्यक्षात भिंतीजवळ ते खोल असतं आणि फुगवट्याच्या, म्हणजे भिंतीमुळे नदीत मागे तुंबलेल्या पाण्याच्या, टोकाकडे जावं तसं उथळ होत जातं. तिथे गाळ साचतो, पाणवनस्पती वाढतात. चिखलात चोच खुपसणारे तुतवार, लांब लाल पायांचे शेकाटे, पाण्यात डोकं घालून शेपटी वर करणारी बदकं, या सगळ्यांचं पोट त्या गुडघाभर पाण्यावर चालतं. शिडाच्या नावेला मात्र तिथे काहीच काम नाही, आणि कयाकचं वल्हं गाळात रुततं. मग आपण तिथे जातोच कशाला?

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा बांधला सिंचनासाठी. गाळ साचून पाणी उथळ झालं, पक्षी आले आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. इंग्लंडमधल्या रटलंड वॉटर या जलाशयावर शिडाच्या नावाही चालतात आणि पश्चिमेकडचा उथळ भाग पक्ष्यांसाठी राखलेला आहे. इंग्लंडमधून वीण संपलेला ऑस्प्रे हा मासेखाऊ शिकारी पक्षी १९९६ पासून तिथे मुद्दाम आणून सोडला, आणि २००१ मध्ये त्याचं पिल्लू तिथे वाढलं. नावा बंद न करता हे झालं.

आपल्याकडे काय होतं ते मी एका हिवाळ्यात पाहिलं. वारकरी हा काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी अंगाने जड. त्याला जागेवरून उठता येत नाही, पाण्यावर पाय आपटत लांबवर धावावं लागतं. एक मोटरबोट थेट थव्यात घुसली. सगळे धावत सुटले, उडाले, पलीकडे टेकले. बोट वळली, पुन्हा तेच. तासाभरात चार वेळा. बोटीतली मुलं आनंदाने ओरडत होती आणि त्यांचा मला राग नाही, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. पण स्थलांतर करून आलेली पाखरं परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवत असतात. असं प्रत्येक उड्डाण त्यातूनच वजा होतं.

माझ्याही हातून चूक झाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या एका बेटावर मी कयाक लावली. दोन नदीसुरय पक्षी डोक्यावर झेपावू लागले, तेव्हा पायाकडे नीट पाहिलं. वीतभर अंतरावर तीन ठिपकेदार अंडी, वाळूच्याच रंगाची. भर उन्हात आई पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. मी तिथे जितका वेळ उभी, तितका वेळ ती अंडी तापणार. लगेच निघाले, तरी ते मनातून जात नाही.

चालणाऱ्यांनो, सकाळी पूर्वेच्या काठाने चला. सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्यांचे रंग खुलून दिसतात. सोबतचं कुत्रं मोकळं सोडू नका. पाण्यात उतरणाऱ्यांनो, पट्टीचे पोहणारे असलात तरी लाइफ जॅकेट घाला, सांडव्यापासून लांब राहा, आणि जाताना वाऱ्याविरुद्ध वल्हवा, म्हणजे दमल्यावर परत येताना वारा मदत करतो.

फुगवट्याच्या तोंडाशी तरंगत्या बोयांची एक रांग आणि काठावर कारण सांगणारा एक फलक, इतकंच मला हवं आहे. बोटी चालवणाऱ्यांकडे तुम्हीही हे मागा. आम्ही आता बेटापासून शंभर मीटरवरूनच वळतो. तेवढ्या अंतरावरूनही दुर्बिणीत नदीसुरयची पिवळी चोच आणि त्या चोचीतला मासा स्वच्छ दिसतो.