अंगठाच द्या ना, आजी

आज बँकेत डोकं फिरलं. अजून शांत झालेलं नाही, म्हणून लिहितेय.

माझ्या पुढे सत्तरीच्या एक आजी होत्या. पैसे काढायच्या स्लिपवर पेन टेकवून एकेक अक्षर काढत होत्या. काउंटरवरच्या पोराने शाईचा पॅड पुढे सरकवला. "अंगठाच द्या ना आजी, मागे लाइन बघा." आजी म्हणाल्या, "मला येती सही. वर्गाला जाते मी." मागचे दोघं हसले. हसले, अक्षरशः!

माझी आजी असती तर तिने त्या पोराला तिथेच सोलला असता. नाव द्वारका. १९५९ साली सातारा जिल्ह्यात मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवणारी ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली, ती आमच्या गावी पोचली तेव्हा ही पंचविशीची, दोन पोरांची आई. रात्री भाकऱ्या आटोपल्या की देवळात कंदील लावून वर्ग. आजोबा मुंबईत गिरणीत. त्यांचं पोस्टकार्ड आलं की पोस्टमनच ओट्यावर बसून वाचून दाखवायचा. नवऱ्याने बायकोला काय लिहिलंय ते आधी सासऱ्याला, मग शेजारणीला आणि शेवटी दाराआड उभ्या असलेल्या बायकोला कळायचं. "लाज वाटायची गं," म्हणायची. काय लिहिलेलं असायचं, ते मात्र कधी सांगितलं नाही!

गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. त्यात हिला फळ्यावर नाव लिहायला उभं केलं. डोक्यावर पदर, समोर सासरा. जोडाक्षर काही जमेना, म्हणून लिहिलं 'दवारका'. गुरुजींनी खोडलं नाही. मरेपर्यंत तिची सही 'दवारका'च होती.

आता असे वर्ग चालतात ते नवभारत साक्षरता, म्हणजे 'उल्लास' या सरकारी योजनेत. पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण, १५० चा पेपर. मार्च २०२४ ला आपल्याकडे परीक्षा झाली तेव्हा बाकावर बसलेल्या आजीबायांचे फोटो तुम्हीच 'क्यूट' म्हणून फिरवले होते ना? मीही एक फिरवला, खोटं कशाला बोलू. पण दिवसभर खुरपून आलेली बाई ५० गुणांचं गणित सोडवते त्यात क्यूट काय आहे? दूध घालते ती डेअरीला. वहीत किती लिटर मांडलंय ते तिला वाचायचंय. एवढं साधं आहे.

हो, कागदोपत्री वर्ग चालतात, माहितीये. शाळेच्या गुरुजींच्या मानेवर आधीच छप्पन्न कामं आहेत, हेही मान्य. म्हणून काय वर्गच नकोत?

आणि "या वयात शिकून काय दिवे लावणार" म्हणणाऱ्यांनी माझ्या यादीतून निघून जावं. आजीने काय दिवे लावले सांगते. वर्ग संपल्यावर जे पहिलं कार्ड आलं, ते तिने पोस्टमनच्या हातातून काढून घेतलं आणि गोठ्यात जाऊन वाचलं. अर्धा तास लागला म्हणे. म्हशीशेजारी उभी राहून, बोट ठेवून, एकटीने. उत्तरही स्वतः लिहिलं, पेन्सिलीने. 'पैसे पोचले. म्हैस व्याली. तुमी कधी येनार.' ते कार्ड आजोबांच्या ट्रंकेत सापडलं, ते गेल्यावर. आता माझ्याकडे आहे. खाली सही, दवारका.

हे लिहिताना राग जरा उतरला बघा.

तर बँकेचं. त्या आजींच्या खात्यावर आधीचा अंगठाच आहे, त्यामुळे सही चालत नाही म्हणे. नियम आहे, ठीक. पोरगाही वाईट नव्हता, घाईत होता. मी विचारलं, सही बदलून घ्यायचा फॉर्म आहे का? होता, खालच्या खणात. लाइन सोडून आम्ही दोघी बाकावर बसलो. वरचं मी भरलं. सहीची चौकट लहान, आजींचं नाव मोठं. शेवटची दोन अक्षरं बाहेर गेली. "चालंल का?" त्यांनी विचारलं.

मी तो फॉर्म तसाच काउंटरवर नेऊन दिला. पोराने बघितलं, काही न बोलता शिक्का मारला.