५१२ वर्षांचा शार्क आणि ३५० कोटी वर्षांचे सायनोबॅक्टेरिया: खुलासा
‘ग्रीनलंड शार्क ५१२ वर्षं जगतो, पण ऑस्ट्रेलियातले सायनोबॅक्टेरिया ३५० कोटी वर्षं जिवंत आहेत’ असा मेसेज फिरतोय. (सायनोबॅक्टेरिया म्हणजे उन्हावर स्वतःचं अन्न बनवणारे सूक्ष्म जिवाणू.) आकडे हवेतले नाहीत, पण भलत्याच जागी चिकटवलेत.

शार्कचा आकडा २०१६ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासातला. २८ माद्या तपासल्या होत्या. डोळ्याच्या भिंगाचा गाभा पिल्लू पोटात असतानाच तयार होतो आणि पुढे तसाच राहतो. त्यातला कार्बन-१४, म्हणजे वय काढायला वापरतात तो किरणोत्सारी कार्बन, मोजला. पाच मीटरच्या सर्वांत मोठ्या मादीचं वय निघालं ३९२, अधिक-उणे १२०. म्हणजे २७२ ते ५१२. मेसेजवाल्यांनी वरचं टोक तेवढं उचललं! खरं तर २७२ धरलं तरी थक्क व्हायला होतं.

दुसरा आकडा तर वयाचा नाहीच. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातले साडेतीनशे कोटी वर्षांचे थर सूक्ष्मजीवांचे जीवाश्म मानले जातात, म्हणजे दगड. तिथल्याच किनाऱ्यावरच्या शार्क बे या उपसागरातले जिवंत स्ट्रोमॅटोलाइट (अशा सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून बनवलेले खडकासारखे उंचवटे) काही हजार वर्षांचेच, आणि त्यांच्यावरच्या पेशी सतत दुभंगून नव्या होतात. ‘आमचं घराणं चारशे वर्षांचं’ म्हणणारा स्वतः चारशे वर्षांचा नसतो, तसंच हे.

आणि हो, शार्क बेच्या कोमट पाण्यात ग्रीनलंड शार्क नसतो. तो उत्तर अटलांटिक आणि आर्क्टिकच्या थंडगार खोलीतला.