१८०० च्या आधी कॅनडात आला, एवढ्याने कुणी लॉयलिस्ट ठरत नाही

लॉयलिस्ट म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिलेले. कॅनडात घराण्याची मुळं शोधणाऱ्यांमध्ये त्यांच्याविषयी एक विधान सर्रास फिरतं : ‘१८०० च्या आधी अमेरिकेतून ऑन्टारियोत आलेला पूर्वज लॉयलिस्टच. पलटणीच्या यादीत नाव सापडलं की पुरावा झाला. आणि लॉयलिस्ट म्हणजे खानदानी इंग्रज.’ यातलं एकही खरं नाही. अशाने वंशवृक्षात भलतीच माणसं येऊन बसतात.

तारखेचं आधी सांगते. लॉयलिस्ट म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिलेले. १७८९ मध्ये कॅनडाचा ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डॉर्चेस्टरने ज्यांचा सन्मान केला, ते युद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या तहाआधी राजाच्या निशाणाखाली आलेले होते. पुढे १७९२ मध्ये अप्पर कॅनडाचा (आजच्या ऑन्टारियोचा) लेफ्टनंट गव्हर्नर सिमको याने जमीन देऊ केली, तेव्हा लोटलेले अमेरिकन मुख्यतः शेतीसाठी आले. त्यांना ‘लेट लॉयलिस्ट’ (उशिरा आलेले लॉयलिस्ट) म्हणतात, त्यातून घोळ आणखी वाढतो.

आता यादी. बटलर्स रेंजर्स या लॉयलिस्ट पलटणीच्या हजेरीपटात आपलं आडनाव दिसलं की हरखून जायला होतं, ते साहजिक आहे. पण त्या नावाचा एक माणूस पलटणीत होता, एवढंच त्यातून कळतं. तो तुमचाच कशावरून? बाप, मुलगा, पुतण्या, तिघेही जॉन असू शकतात. खरा दुवा जुळतो तो अप्पर कॅनडाच्या जमीन-अर्जांत. लॉयलिस्टांच्या मुलांना २०० एकर मिळत, आणि मुलींनाही : वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाली किंवा लग्न झालं की. त्यामुळे लेकीच्या अर्जात बापाचं आणि नवऱ्याचं नाव एकत्र सापडतं. लग्नानंतर आडनाव बदलून कागदांतून हरवलेली बाई इथे हाती लागते. माझ्या लेखी हजेरीपटापेक्षा या अर्जांचं मोल कितीतरी जास्त आहे. मात्र तिथवर एकेक पिढी मागे जात, जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी जुळवतच पोचायला हवं.

‘खानदानी इंग्रज’ हा समज तर अन्यायाचा आहे. लॉयलिस्टांत जर्मन वंशाचे शेतकरी होते, मूळनिवासी नेता जोसेफ ब्रँट याचे मोहॉक जमातीचे लोक होते. गुलामगिरीतून सुटण्यासाठी इंग्रजांकडे आलेले कृष्णवर्णीयही होते. १७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडणाऱ्या अशा सुमारे ३,००० जणांची नावं, वयं, जहाजं आणि पूर्वीच्या मालकांची नावं ‘बुक ऑफ नीग्रोज’ या नोंदवहीत आहेत. त्यांतले बरेच कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशियात उतरले, आणि १७९२ मध्ये तिथून सुमारे १,२०० जण सिएरा लिओनला गेले. त्यामुळे काही घराण्यांचा माग ऑन्टारियोत नाही, तर सिएरा लिओनच्या फ्रीटाउनमध्ये निघतो.