दहा मिनिटं गाडी थांबेल

अण्णाने चहा यायच्या आधी खिशातून पित्ताची गोळी काढली आणि काल पारावर वाद पेटला.

"गोळी राहू दे," वैद्य म्हणाला. तो आमच्याच वर्गातला, आता त्याचा आयुर्वेदाचा दवाखाना आहे. "जेवायला तुला किती वेळ लागतो ते सांग आधी."

"पाच-सात मिनिटं. ३२ वर्षं एसटी चालवली मी. कंडक्टर ओरडायचा, 'दहा मिनिटं गाडी थांबेल!' त्यात हातपाय धुवायचे, जेवायचं, चहाही प्यायचा. निवृत्त झालो तरी हाताला सवय तीच. समोर टीव्ही चालू असतो, ताट कधी संपतं कळत नाही."

वैद्याला हेच हवं होतं. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, चरकसंहितेत, विमानस्थान नावाच्या भागात जेवण कसं करावं ते सांगितलंय, म्हणाला. गरम खावं, आधीचं पचल्यावर खावं, फार भरभर नको, फार रेंगाळूनही नको, बोलत-हसत नको. आणि 'तन्मना भुञ्जीत', मन जेवणातच ठेवून जेवावं. पुढे तर असंही आहे की पथ्याचं अन्न मापात खाल्लं तरी चिंता, शोक, भय, क्रोध असताना ते पचत नाही.

"आलं का मन!" मास्तर उसळला. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचा. "पोटातल्या अल्सरला किती वर्षं ताण आणि तिखट जबाबदार धरलं होतं? १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात मार्शल आणि वॉरन यांनी जंतू शोधला, हेलिकोबॅक्टर पायलोरी. कुणी मानेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शलने स्वतः जंतूंचं पाणी पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ ला नोबेल मिळालं दोघांना. ज्याला अँटिबायोटिक हवं त्याला सावकाश चावायला सांगणं हा अपराध आहे." मग तो थेट अण्णाकडे वळला. "घास अडकतो का? वजन उतरलंय? शौचाला काळं होतं? रक्ताची उलटी?"

अण्णा चारही वेळा नाही म्हणाला. तरी मास्तराने त्याच्याकडून कबूल करून घेतलं की रोज गोळी लागते हे डॉक्टरच्या कानावर घालायचं, मनानं सुरूही ठेवायची नाही आणि बंदही करायची नाही. हे त्याने फार बरं केलं.

पण मास्तराच्या मुद्द्यातून जठराचा मनाशी संबंधच नाही असं निघत नाही, आणि तिथे मी मध्ये पडलो. रशियन शास्त्रज्ञ पावलोवची घंटा, ती वाजली की कुत्र्याला लाळ सुटायची, सगळ्यांना ठाऊक असते. त्याला १९०४ चं नोबेल मिळालं ते मात्र पचनावरच्या कामासाठी. त्याने कुत्र्याची अन्ननलिका गळ्यापाशी बाहेर उघडी केली. कुत्रं खायचं, गिळायचं, पण घास तिथूनच बाहेर पडायचा. जठरात कणही जात नव्हता, तरी जठररस भरभरून सुटत होता. मेंदूकडून जठराकडे येणारी व्हेगस नस कापली की तो थांबायचा. म्हणजे फोडणीचा वास येतो, ताट दिसतं, पहिला घास जिभेवर पडतो, तेव्हाच खाली तयारी सुरू झालेली असते. एका जेवणाला सुटणाऱ्या आम्लातलं साधारण २० ते ३० टक्के या टप्प्यातलं असतं. आणि १८९० च्या दशकाच्या शेवटी, क्ष-किरण नुकते सापडले होते तेव्हा, अमेरिकेत कॅनन या शास्त्रज्ञाने त्या किरणांतून मांजरांचं जठर अन्न घुसळताना पाहिलं. मांजर बिथरलं की घुसळण थांबायची, शांत झालं की पुन्हा सुरू.

आपल्याकडे जेवणाआधी पानाभोवती पाणी फिरवायचे, चित्राहुती घालायचे. मला त्यात आता या तयारीसाठीचा थांबा दिसतो. तेवढ्यात डोळे आणि नाक जेवणावर येतात.

"अरे, पण मला आम्ल कमी हवंय, तू वाढवायला सांगतोस!" अण्णा म्हणाला. प्रश्न चोख होता. उत्तर मास्तरानेच दिलं. बहुतेक वेळा जळजळ होते ती आम्ल जागा सोडून अन्ननलिकेत चढतं म्हणून. भराभर गिळलं की घासाबरोबर हवा जाते, पोट ताणतं, ताणलं की वरची झडप सैल होते. त्यात जेवून लगेच आडवं व्हायचं. शिवाय भाकरीतलं पिष्ट, म्हणजे स्टार्च, पचायला लाळेपासूनच सुरुवात होते. मास्तर वर्गात मुलांना भाकरीचा तुकडा दोन मिनिटं चघळायला लावायचा, तो गोड लागेपर्यंत.

मग मी इगतपुरीचं सांगितलं. धम्मगिरीला दहा दिवस विपश्यनेला होतो. फोन जमा, जेवताना कुणी बोलत नाही. चौथ्या दिवशी साध्या वरणातला टोमॅटो वेगळा लागला. दहा दिवस पोटाने तक्रार केली नाही.

"साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, पाचला चहा-फळं, रात्री काही नाही," मास्तर म्हणाला. "त्यानंच पोट बरं राहिलं असेल. मनाने की वेळेने, कसं ठरवणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ताई इतका वेळ ऐकत होत्या. फिरून येताना त्या रोज अर्धा तास टेकतात. "तिथे स्वयंपाक तुम्ही केलात का?" त्यांनी विचारलं.

"नाही. सेवक करायचे."

"मग मन जेवणात राहणारच. घरी तुमच्या पानात तव्यावरची पोळी पडते तेव्हा ती टाकणारी कुठे असते? मी ४० वर्षं सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभी राहून जेवले. एका हाताने गॅस पुसत. मला कुणी सांगितलं नाही सावकाश चाव म्हणून."

वैद्य हळूच म्हणाला, चरकाच्या त्याच यादीत 'इष्टे देशे' आहे, मनाला बऱ्या वाटणाऱ्या जागी जेवावं.

"ओटा कुणाची आवडती जागा असते, सांगा."

कुणी बोललं नाही. मला माझी आई आठवली. ती जेवताना बसलेली मला आठवतच नाही, आणि तिलाही आयुष्यभर पित्त होतं. हे मी दोन्ही जोडून कधी पाहिलं नव्हतं.

ताईंचं म्हणणं एवढंच होतं की पोळ्या आधी करून डब्यात ठेवाव्यात आणि सगळ्यांनी एकदम बसावं. गरम पोळीवरून अण्णा आणि वैद्य थोडे कुरकुरले. तेवढ्यात अण्णाचा फोन वाजला. तो नेहमी स्पीकरवर बोलतो.

"निघालात का? तवा ठेवते."

"ठेवू नकोस... म्हणजे ठेव, पण सगळ्या करून डब्यात ठेव. आज बरोबरच बसू."

पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही. मग वहिनी म्हणाल्या, "का हो? बरं वाटत नाहीये का?"