वाद्ये नीटनेटकी आवरून ठेवण्याविषयी

सप्ताह उरकतो, काल्याचा प्रसाद घेऊन मंडळी आपापल्या गावी परततात आणि पेटी, तबला, पखवाज व टाळ यांचा पसारा मात्र बैठकीतच राहतो. मराठवाड्यातील नीटनेटक्या घरात तो पाहुण्यांच्या नजरेस पडता कामा नये, म्हणून ही पद्धत अनुभवाअंती येथे देत आहे.

आरंभ पखवाजापासून करावा. वाजवणे संपताच डाव्या तोंडावर थापलेली कणीक ओली असतानाच काढून पुडी, म्हणजे तोंडावरचे चामडे, कोरड्या फडक्याने पुसावी, असे जुने पखवाजी सांगत. त्यांच्याकडे वेळ भरपूर होता. आपण कणीक आहे तशीच राहू द्यावी. वैशाखातील 42 अंशांत ती दुपारपर्यंत शिळ्या भाकरीसारखी टणक होते, कडेने उकलते आणि उकलताना चामड्याचा पापुद्राही बरोबर घेऊन येते, त्यामुळे खरवडण्याचे कष्ट वाचतात. उरलेले काम रात्री उंदीर करतात. कणीक संपली की ते वाद्यांच्या चामडी वाद्यांकडे वळतात, हे ओघाने आलेच.

तबला आणि डग्गा पाण्याच्या टिपाडाआड ठेवावेत. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावात टिपाडाला घरात मानाची जागा असते, तिचा लाभ वाद्यांनाही मिळावा. ओलाव्याने पुडीचा सूर उतरतो, उन्हाच्या झळीने चढतो, आणि लोहचूर्ण व खळ घोटून बसवलेली शाई या चढउतारात हळूहळू टवके सोडू लागते. तबला सुरात लावायची हातोडी नारळ फोडण्यासाठी स्वयंपाकघरात द्यावी आणि चुंबळी माठाखाली सरकवाव्यात, तेथे त्या अगदी बेताच्या बसतात.

पेटीचे काम सर्वांत सोपे. भाता दाबून खटका लावावा, झाकण टाकावे आणि वर आहेराच्या साड्यांचे गाठोडे व शाळूचे अर्धे पोते ठेवावे. आकाशवाणीने 1940 साली पेटीवर घातलेली बंदी उठायला 1971 साल उजाडले. शाळूच्या पोत्याखालून पेटी बाहेर यायला त्याहून कमी काळ लागतो, असे मात्र समजू नये. आमची पेटी गेल्या आषाढी एकादशीला बाहेर काढली, तेव्हा भाता हलवताच एक काळी पट्टी कोणी दाबल्यावाचून वाजू लागली आणि काही केल्या थांबेना. वडिलांनी डोळे मिटून दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाले, “आता तंबोरा कशाला पाहिजे?”

त्यांचा हा निर्णय आम्ही शिरोधार्य मानला. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा असली मौल्यवान वस्तू उंचावरच शोभते, म्हणून तो कपाटावर आडवा ठेवून भोपळ्यावर पाहुण्यांच्या गाद्या रचल्या. तारा उतरवून ठेवण्याच्या भानगडीत पडू नये, कारण पुन्हा लावायच्या झाल्यास तेवढीच घाई वाचते. मध्यरात्री कपाटावरून टणकन आवाज आला आणि धाकट्याने काय झाले म्हणून विचारलेच, तर मांजर असेल असे सांगून कूस बदलावी.