कूलरसमोर ठेवलं की झालं? ॲक्सोलॉटलच्या पिल्लांबद्दलचा तो मेसेज

जळगाव-भुसावळ-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ॲक्सोलॉटल (पालीसारखा दिसणारा, आयुष्यभर पाण्यातच राहणारा उभयचर प्राणी) पाळण्याबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘ॲक्सोलॉटल गोल्डफिशपेक्षा सोपा. काचेचा बाऊल, रंगीत खडे, आर.ओ.चं पाणी, रोज चिमूटभर फिशफूड. उन्हाळ्यात कूलरसमोर ठेवा. एकटं कंटाळतं, म्हणून दोन-तीन पिल्लं घ्या. पाय तुटला तरी परत उगवतो.’ यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं आहे, तेही अर्धंच.

सगळ्यात घातक सल्ला कूलरचा. हा प्राणी मेक्सिको सिटीच्या दक्षिण भागातल्या शोचिमिल्कोचा, समुद्रसपाटीपासून सुमारे 2200 मीटर उंचीवरच्या थंड पाण्यातला. त्याला 16 ते 18 अंशांचं पाणी मानवतं. 20 च्या वर ताण सुरू होतो. 24 च्या वर पाणी टिकून राहिलं की पिल्लू खाणं सोडतं, कल्ल्यांची टोकं पुढे वळतात आणि त्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी धरते. आता आपला मे महिना घ्या. बाहेर 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर बाष्पीभवनाने पाणी फार तर 24 अंशांपर्यंत उतरू शकतं. कूलर असो की टाकीवरचा पंखा, ही मर्यादा दोघांनाही ओलांडता येत नाही, आणि घरात तेवढंही साधत नाही.

मग बर्फ टाकू, असं कुणी म्हणेल. 100 लिटर पाणी 34 वरून 18 अंशांवर आणायला सुमारे 16 किलो बर्फ लागतो, आणि दुपारपर्यंत पाणी पुन्हा तापायला लागतं. शिवाय असा झटक्याने होणारा चढउतार पिल्लाला आणखी त्रासदायक. गोठवलेली बाटली फक्त वीज गेल्यावर, एका वेळी एकच सोडावी. रोजच्यासाठी चिलर (टाकीचं पाणी थंड करणारं यंत्र) किंवा चोवीस तास एसीची खोली हेच दोन मार्ग. चिलर घरातच, मोकळ्या हवेच्या जागी ठेवा. गॅलरीतल्या झळांमध्ये तो पाणी थंड करू शकत नाही. हे परवडत नसेल तर पिल्लू आणूच नका. दहा-पंधरा वर्षं जगणारा प्राणी आहे, दर उन्हाळ्याला हाच प्रश्न उभा राहील.

आर.ओ.चं पाणी नको. त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि ॲक्सोलॉटलला थोडं जड पाणी लागतं, पीएच 7.4 ते 7.6. म्हणजे ज्या बोअरच्या पाण्याला आपण नावं ठेवतो, ते इथे बरेचदा चालून जातं. टेस्ट किटने एकदा तपासा. नळाचं असेल तर डीक्लोरिनेटर (पाण्यातला क्लोरीन काढणारं औषध) घालाच.

बाऊल तर नकोच. तीन इंचांपर्यंतचं पिल्लू एक-दोन लिटरच्या उथळ प्लास्टिक डब्यात, एका डब्यात एकच, आणि रोज सगळं पाणी बदलायचं. बदलायचं पाणी आदल्या रात्रीच डीक्लोरिनेटर घालून त्याच थंड खोलीत भरून ठेवा, म्हणजे तापमान जुळतं. पुढच्या मोठ्या टाकीचं फिल्टर चार ते सहा आठवडे आधी चालू करा आणि अमोनियाचा स्रोत देत राहा, नाहीतर तो अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढणार नाहीत. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय पिल्लू सोडू नका. खडे अजिबात नकोत: हा प्राणी तोंड उघडून समोरचं सगळं ओढून घेतो, खडा आतड्यात अडकतो.

चिमूटभर फिशफूडवर लहान पिल्लू उपाशी मरतं. त्या वयात ते हलणारं भक्ष्यच पकडतं, म्हणून आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) अंड्यांतून घरी उबवावा लागतो. एक लिटर पाण्यात 25 ग्रॅम बिनआयोडिनचं मीठ, अर्धा चमचा अंडी, एअर पंपाची नळी तळापर्यंत, 26 ते 28 अंशांना 24 ते 36 तास. मग हवा दहा मिनिटं बंद करा. टरफलं वर तरंगतात, केशरी पिल्लं खाली बसतात. ती नळीने ओढून, बारीक कापडात गाळून, साध्या पाण्याने धुऊन द्या. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासांत मरतो, म्हणून उरलेला त्याच दिवशी काढा. पिल्लू दोन-तीन इंचांचं झालं की चिरलेलं गांडूळ सुरू करता येतं. गांडूळखताच्या बेडमधली बारीक लाल गांडुळं कडवट द्रव सोडतात, पिल्लं ती थुंकून टाकतात. केळीच्या बागेत फवारणी झालेली असेल तर तिथली गांडुळं नकोतच.

दोन-तीन पिल्लं एकत्र ठेवली की ती भुकेपोटी एकमेकांचे पाय आणि कल्ले तोडतात. पाय उगवतो हे खरं, पण त्यात वाढीची ताकद खर्च होते, आणि गरम, घाण पाण्यात जखमेला आधी बुरशी लागते. साधारण सहा इंचांपर्यंत वेगळंच ठेवा. एकटेपणाने ते खंगत नाही.

एक गोष्ट मेसेजमध्ये मुळीच नाही. ॲक्सोलॉटल सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर असा प्राणी जवळ बाळगणाऱ्याला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याकडे कागद मागा; तो टाळाटाळ करत असेल, तर त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका.