‘आडवं पडायला लाज वाटते का?’ : काटकोनी व्ह्यूफाइंडरवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. काटकोनी व्ह्यूफाइंडर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आयपीसवर लावून वरून खाली बघता येणारी जोडणी, यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया पुन्हा पुन्हा वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी तुमचे चार मुद्दे थोडक्यात सांगतो. फिरत्या स्क्रीनच्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या काळात काटकोनी व्ह्यूफाइंडर म्हणजे भंगार. ज्यांना जमिनीवर आडवं पडायची लाज वाटते त्यांचं हे खेळणं. तुम्ही तो कॅनन १५००डी आणि १०० एमएम मॅक्रोवर लावला, तर सड्यावरचे (जांभ्याच्या उघड्या पठारावरचे) सगळे फोटो मऊ, म्हणजे धूसर आले. आणि मी सुचवलेल्या एफ/११ अॅपर्चरला (आकडा मोठा तितकं लेन्सचं भोक लहान) दवबिंदूचं, म्हणजे त्या चिकट थेंबांच्या कीटकभक्षी रोपाचं, पान पुरतं फोकसमध्ये येत नाही, एफ/२२ च हवं.

पहिला मुद्दा बराचसा मान्य. मिररलेस असेल तर हा फाइंडर घेऊ नका. पैसे बीनबॅगवर आणि छत्रीवर घाला. पण तुमच्याच १५००डीची स्क्रीन हलत नाही. असे कॅमेरे गोव्यात घरोघरी आहेत, आणि माझा लेख त्यांच्यासाठीच होता. शिवाय ढग पांगून ऊन पडलं की उघड्या सड्यावर स्क्रीनवर आपलाच चेहरा दिसतो. ऑप्टिकल फाइंडरला तेच ऊन फायद्याचं, कारण लेन्समधून येणारा उजेडच तुम्ही पाहत असता.

आता मऊ फोटोंकडे. यात माझीही चूक आहे. डायॉप्टर (आपल्या नजरेप्रमाणे फाइंडर स्पष्ट करायची सोय) आधी जुळवा एवढंच मी लिहिलं, कोणत्या क्रमाने ते लिहिलं नाही. तुम्ही बहुधा फाइंडर लावला, २× वर नेला आणि फूल स्पष्ट दिसेपर्यंत कडी फिरवली. तिथेच घोळ झाला. कडी फुलावर जुळवायची नसते, ती फोकसिंग स्क्रीनवर, म्हणजे लेन्सची प्रतिमा जिच्यावर पडते त्या कॅमेऱ्यातल्या पडद्यावर, जुळवायची असते. फाइंडर काढा. लेन्स पूर्ण आउट ऑफ फोकस करून कॅमेरा कोऱ्या भिंतीकडे धरा. आधी कॅमेऱ्याचं स्वतःचं डायॉप्टरचं चाक फिरवून एएफ (ऑटोफोकस) बिंदूंच्या चौकटी काळ्या, धारदार दिसतील असं करा. मग फाइंडर चढवा, १× वर ठेवा आणि त्याच्या कडीने पुन्हा त्याच चौकटी धारदार करा. २× वर गेलात की कडी परत जुळवा, कारण बहुतेक फाइंडरमध्ये मोठेपणा बदलला की डायॉप्टरही सरकतो. जुळल्याची खूण म्हणजे चौकटीची कड आणि स्क्रीनचा बारीक रवा एकाच वेळी दिसतो.

एवढी काटेकोरी का? अलीकडच्या डीएसएलआरच्या स्क्रीन उजळ दिसाव्यात म्हणून कमी खरबरीत केलेल्या असतात. लेन्समधून उजेड कमी येत असला की त्यांच्यावर प्रतिमा नीट ‘बसत’ नाही, ती थोडी पुढे-मागे हवेत तरंगते, आणि आपला डोळा मुकाट्याने तिच्याशी जुळवून घेतो. तुम्हाला फूल लख्ख दिसतं, पण स्क्रीनच्या पातळीवर, म्हणजे सेन्सरच्या पातळीवर, ते नसतं. १:१ ला (विषय सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा) एफ/२.८ च्या लेन्समधून दोन स्टॉप उजेड कमी येतो, म्हणजे पाव भागच, म्हणून ही फसगत मॅक्रोमध्येच जास्त होते. तुमच्या बॉडीत फाइंडरपर्यंत चित्र नेायला भरीव काचेच्या पेंटाप्रिझमऐवजी आरशांचा पेंटामिरर आहे आणि फाइंडरचा मोठेपणा ०.८×, तेव्हा तुम्हाला २× ची गरज इतरांहून अधिक.

खात्री करायची तर तेच फोटो पुन्हा उघडा आणि १०० टक्क्यांवर बघा. पान मऊ, पण मागचं गवत किंवा पुढचा खडा कुठेतरी करकरीत असेल, तर दोष बहुधा डायॉप्टरचा. कुठेच काही करकरीत नसेल, तर बहुधा कॅमेरा हलला, नाहीतर अॅपर्चर फार बंद होतं (त्याबद्दल पुढे). ऑटोफोकसवर काढले असतील तर मात्र या फाइंडरचा काही संबंध नाही. तो फक्त डोळ्यासाठी आहे, एएफची यंत्रणा त्याच्या आधीच वेगळी झालेली असते.

कॅमेरा हलण्याचं एक कारण मात्र या फाइंडरमुळेच तयार होतं. खाली वाकून बघताना कपाळाचा भार नकळत त्यावर पडतो. त्याने कॅमेरा हलतो, आणि आयपीसची प्लॅस्टिकची खाच मोडते ती वेगळीच. भुवई नुसती टेकवा, भार कोपरांवर ठेवा. कॅमेऱ्याखाली साधारण २० बाय १५ सेंटिमीटरची पिशवी, पाऊण भाग प्लॅस्टिकच्या दाण्यांनी भरलेली. तांदूळ पावसाळ्यात नको, एका सरीत फुगतो आणि कुबट वास मारतो. एकदा फोटोतला मोठेपणा (१:१ की १:२) ठरवला की फोकसची रिंग सोडून द्या. धडाच्या हलक्या झोक्याने पिशवीसकट कॅमेरा पुढे-मागे सरकवायचा आणि पानाची कड धारदार होताना तीन-चार फ्रेम घ्यायच्या. शटर हाताने १/२५० च्या खाली नको. फ्लॅश असेल तर तुमच्या बॉडीची मर्यादा १/२००. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या हॉट-शूवर ठेवलात तर फाइंडरमध्ये बघताना कपाळ त्याला आपटतं, म्हणून तो वायरने बाजूला घ्या.

एफ/२२ बद्दल. कॅननच्या स्क्रीनवर दिसतो तो नाममात्र आकडा. १:१ ला प्रभावी अॅपर्चर त्याच्या साधारण दुप्पट धरा: एफ/११ म्हणजे एफ/२२, आणि तुमचं एफ/२२ म्हणजे एफ/४४. तिथे विवर्तनामुळे (लहान भोकातून जाताना उजेड पसरल्याने) एकेका बिंदूची चकती जवळजवळ ०.०६ मिलिमीटरची होते, तर तुमच्या सेन्सरचा पिक्सेल ०.००४ मिलिमीटरच्या आसपास. फोटो मऊ येण्याचं हे दुसरं कारण, डायॉप्टर अचूक असला तरी. (निकॉनच्या बॉडीवर निकॉनचीच मायक्रो लेन्स असेल तर दिसणारा आकडा आधीच प्रभावी असतो. दोन मित्र एकमेकांचे आकडे ताडून भांडतात ते यामुळे.) खोली हवी असेल तर अॅपर्चर बंद करत जाऊ नका, मोठेपणा कमी करा. तुमच्या सेन्सरवर १:१ आणि एफ/११ ला फोकसची खोली जेमतेम ०.९ मिलिमीटर. तेच १:२ वर नेलं की २.६ मिलिमीटर, जवळजवळ तिप्पट. मग क्रॉप करा. गवती दवबिंदूचं पान अरुंद आणि लांब असतं. ते सेन्सरला समांतर ठेवलंत तर एका रांगेतले चिकट थेंब देठांसकट मिळतात. समोरून घेतलंत तर एफ/४४ सुद्धा पुरणार नाही.

आणि आता तो लाजेचा मुद्दा. इथे मला तुमचं म्हणणं अजिबात पटत नाही. चतुर्थीच्या आगेमागे, लोक माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांच्या सजावटीचं) सामान शोधायला रानात फिरतात त्याच दिवसांत, सडा भरात असतो. जांभ्यावर मातीचा थर बोटभर, त्यात सीतेची आसवं, गेंद आणि दवबिंदू दाटीवाटीने उभे. माणूस पालथा पडला की एका फोटोपायी अंगाखालची शेकडो रोपं झोपतात. काटकोनी फाइंडर असेल तर उघड्या जांभ्यावर गुडघे टेकून, फक्त पिशवीएवढी जागा वापरून, भिंगाचा मध्य जमिनीपासून सात-आठ सेंटिमीटरवर ठेवता येतो. कॅमेरा फुलाच्या उंचीवर जातो आणि माणूस बाहेर राहतो. यात लाज कसली?

रानातलं कारण आणखी गंभीर आहे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि तो गोचिडीतून पसरतो. डिसेंबर ते मे या काळात तिथल्या पालापाचोळ्यात पालथं पडण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही, फोटो कितीही चांगला मिळणार असला तरी. चोडण बेटावरच्या खारफुटीच्या कडेला तर चिखलात पडणं शक्यच नसतं. ओहोटीला बांधाच्या कडेवर बसून ३०० एमएम लेन्स अगदी चिखलाला लावली, की दोन-तीन मीटरवरचा एक नांगी मोठी असलेला नर खेकडा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर दिसतो. तो बिळात शिरला तर हलू नका, काही मिनिटांत परत वर येतो.

स्क्रीनबद्दलचं तुमचं म्हणणं मी लेखात दुरुस्त करून घालतो. स्थिर विषय, ट्रायपॉड आणि वारा नाही, अशा वेळी लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) १०× वर फोकस करणं फाइंडरच्या २× पेक्षा जास्त अचूक. पावसातली भूछत्रं तशीच काढा. पण सड्यावर वारा थांबत नाही, गेंदाचा देठ डोलतच असतो, आणि तिथे उशीर न करता दिसणारं ऑप्टिकल चित्र कामी येतं.

पावसाचं मात्र लेखात राहूनच गेलं होतं. या फाइंडरचं तोंड आकाशाकडे, त्यामुळे पहिला थेंब त्यातच पडतो आणि श्वासाची वाफही तिथेच धरते. टोपीची कड पुढे ओढून घ्या, एक कोरडं मायक्रोफायबर खिशात ठेवा. डोळा काढून रिमोटने शटर दाबणार असाल तर आयपीस तळहाताने झाका. वरून शिरलेला उजेड मीटरला फसवतो आणि फोटो काळपट येतो. घरी आल्यावर फाइंडर सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत प्रिझमवर बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. सेकंडहँड घेताना टॉर्च एका टोकाने मारून दुसऱ्या टोकाने बघा; कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर घेऊ नका.

डायॉप्टर वरच्या क्रमाने जुळवून झाला, की त्याच सड्यावर १:२ आणि एफ/११ ला दहा फ्रेम काढा आणि त्यातल्या मऊ आलेल्या इथे टाका. मागचं गवत करकरीत आहे का, ते आपण मिळून बघू.